एच-इंडेक्स आणि मेंढा-लेखा

राज्यशास्त्राच्या अभ्यासकाचं काम मोजायचं कसं? विद्यापीठांत हल्ली पटकन विचारला जातो तो 'एच-इंडेक्स'. 2005 साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं तो सुचवला. समजा, कुणाचे 20 लेख छापून आले. त्यांतल्या 6 लेखांचा इतरांनी प्रत्येकी किमान 6 वेळा संदर्भ दिला, सातवा मात्र 5 वरच अडला, तर एच-इंडेक्स 6.

गोम पुढेच आहे. सामाईक जंगल, पाणी लोक स्वतःच नियम करून सांभाळू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम या राज्यशास्त्रज्ञ बाईंनी 1990 च्या 'गव्हर्निंग द कॉमन्स'मध्ये दाखवलं. त्या ग्रंथाचे संदर्भ हजारोंनी; पण एच-इंडेक्समध्ये त्याची भर फक्त एकाची! 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी, असंच जंगल सांभाळणाऱ्या, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानं तिथे अभ्यासगट बसत, निर्णय सर्वसहमतीनं होत. मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक लिहिलं, तेही मराठीत.

आणि मराठी लेखन आंतरराष्ट्रीय संदर्भसूचींत क्वचितच धरलं जातं. गोंडवाना विद्यापीठाच्या एखाद्या संशोधकानं वनहक्कांवर मराठीत लिहिलं, ग्रामसभेनं ते वाचून ठराव केला, तरी 'स्कोपस' या आंतरराष्ट्रीय संदर्भसूचीच्या लेखी तो संदर्भ नव्हेच.