भूकंपाचें गणित आणि त्याचे कर्ते



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची भूमि हादरली, आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. हा प्रदेश तर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत गणला गेला होता. मग हें अरिष्ट आलें कसें? शास्त्रज्ञांनीं तेथें ६१७ मीटर खोल छिद्र पाडलें. सुमारें ३३८ मीटर काळा पाषाण व गाळाचा पातळ थर भेदल्यावर प्राचीन खडक लागला.

दगड हातांत घेतां येतो. भूकंपाचा उगम मात्र कोणास दिसत नाहीं. ठिकठिकाणच्या यंत्रांवर लहरी कोणत्या क्षणीं पोंचल्या, यावरून तो गणितानें काढावा लागतो. हें गणित करतें तें संगणकाचें सॉफ्टवेअर, म्हणजे आज्ञावली. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यांतील ली व लार यांची १९७२ सालची ‘हायपो-७१’ ही त्यांतलीच. भारतांतील अनेक भूकंपांच्या अभ्यासांत ती वापरली गेली आहे. खडकांतून लहरींचा वेग किती, उगम अदमासें किती खोल, हें तिला आधीं सांगावें लागतें. जवळपास यंत्र नसेल, तर आपलाच अंदाज थोड्याफार फरकानें उत्तर म्हणून परत येण्याचा संभव असतो!

म्हणून ‘उगम इतका खोल’ एवढें लिहून भागत नाहीं. आज्ञावली कोणती, आवृत्ति कितवी, गृहीतें कोणतीं, हें सांगितलें तरच दुसऱ्यास तो हिशेब पडताळतां येतो. पण शोधनिबंधांत पूर्वसूरींच्या ग्रंथांचा निर्देश आदरानें येतो, आणि आज्ञावलीचा पुष्कळदां ओझरता, किंवा मुळींच नाहीं. हॉविसन व बुलार्ड यांनीं जीवशास्त्राचे ९० निबंध तपासले. सॉफ्टवेअरच्या निम्म्या उल्लेखांनाहि रीतसर संदर्भाची जोड नव्हती, असें त्यांनीं २०१६ सालीं दाखविलें. सॉफ्टवेअरचे कर्ते, आवृत्ति व कायमचा ठावठिकाणा ग्रंथाप्रमाणेंच द्यावा, अशीं तत्त्वेंहि त्याच वर्षीं विद्वानांनीं प्रसिद्ध केलीं.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न नव्हे. २००२ च्या भारतीय मानकांत तो सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच रद्द झाला. घरें कशीं बांधावीं याचे नियम अशा अभ्यासांचा आधार घेऊनच ठरतात. दगडमातीच्या जड भिंतींखालीं किल्लारीचीं माणसें झोपेंतच गाडलीं गेलीं. ज्या हिशेबावर उद्यांची भिंत उभी राहावयाची, तो कोणी व कसा केला, हें विचारण्याचा अधिकार त्या भिंतीआड झोंपणाऱ्या प्रत्येकास आहे.