कशावरून?

(या भागाचा लिखित मजकूर. अडखळलेले शब्द काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आवाज येतोय ना नीट? बरं.

बसमध्ये बसून ऐकत असाल तर जरा खिडकीबाहेर बघा. रस्त्याच्या कडेला, कंपाउंडच्या भिंतीलगत, कचऱ्याच्या ढिगाशेजारी एक हिरवं झुडूप दिसेल. पानं गाजराच्या पाल्यासारखी, वर साबुदाण्याएवढी पांढरी फुलं. गाजरगवत. कुणी काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. या गवतानं माझी जी फजिती केली ती आज सांगते.

एस. वाय. ला पर्यावरणाचा विषय सक्तीचा असतो, आणि त्याचा प्रकल्प म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. सीनियरची फाइल घ्यायची, नाव बदलायचं, स्पायरल बाइंडिंग करून द्यायचं. आमच्या कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे तर तयार प्रकल्पांचा अख्खा फोल्डर आहे. 'प्रदूषण देऊ का जलसंधारण?' असं विचारतात, भजी देऊ का वडा विचारावं तसं.

पण यंदा आमच्या मॅडमनी नियम बदलला. फाइल नको, दीड हजार शब्दांचा निबंध हवा. विषय आपल्या गावातला किंवा घरातला. आणि एकदा देऊन सुटका नाही, मसुदा परत मिळणार, दुरुस्त करून पुन्हा द्यायचा. वर्गात मोठा उसासा झाला. त्यात माझाही होता.

माझं आजोळ करमाळ्याकडे. सोलापूर जिल्हा, कायम पावसाची वाट बघणारा भाग. लहानपणापासून आजीच्या तोंडून बाहत्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकलेल्या. दुष्काळी कामावर फोडलेली खडी, वाटपाची सुकडी आणि मिलो. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. आजी म्हणते, तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना तुटायची नाही. आणि या सगळ्याच्या शेवटी ठरलेलं वाक्य: 'त्या मिलोसंगंच ह्ये गाजरगवत आलं, आन् रानं खाल्ली.'

मला वाटलं, झालं की आपलं काम. दुष्काळ आहे, परदेशी धान्य आहे, तण आहे, आजी आहे. एका रात्रीत निबंध लिहिला. मधली माहिती नेटवरून उचलली, हे कबूल करते. एका झाडाला हजारो बिया येतात, अंगाला लागलं की खाज सुटते, जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, खाल्लंच तर दूध कडवट होतं. आणि सुरुवात अशी: '1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या मिलोबरोबर गाजरगवताने भारतात प्रवेश केला.' 'प्रवेश केला' यावर मी फार खूश होते.

आठवड्यानं मसुदा परत आला. शुद्धलेखनाला हात लावलेला नव्हता. फक्त त्या पहिल्या वाक्याखाली लाल रेघ आणि समासात एक शब्द. कशावरून?

मला रागच आला. कशावरून म्हणजे काय? आजीवरून! सगळ्या गावाला माहीत आहे. मी मॅडमकडे गेले तर त्या म्हणाल्या, 'असेलही तसं. मी खोटं म्हणत नाही. कशावरून ते लिही.'

म्हणून शोधायला बसले. नेटवर पहिल्या दहा मिनिटांतच गोची झाली, कारण मिलोचं नाव कुठंच नाही. सगळीकडे गव्हाचं नाव. 'पीएल 480 या योजनेखाली अमेरिकेतून जो गहू आला, त्यातून हे बी आलं.' एका ठिकाणी तेच वाक्य, दुसऱ्या ठिकाणी तेच, तिसऱ्या ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुकीसकट तेच. माझ्यासारखेच लोक सगळे.

मग आमच्या ग्रंथपाल सरांनी एक साधी युक्ती सांगितली. लेख वरून वाचू नकोस, खालून वाच. म्हणजे शेवटची संदर्भयादी आधी बघ, सगळे कुणाकडे बोट दाखवतात ते. बघितलं. जवळजवळ सगळ्यांचं बोट एकाच ठिकाणी: बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं नियतकालिक, 1956, आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांचं छोटंसं टिपण. भारतात या वनस्पतीची नवी नोंद म्हणून. आणि ही नोंद कुठली माहितीये? पुण्याची! कचऱ्याच्या ढिगांवर 1955 च्या सुमाराला तुरळक दिसलेली झाडं. मी पुण्यात राहते, रोज त्या गवताला वळसा घालून कॉलेजला जाते, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

1955. म्हणजे बाहत्तरच्या सतरा वर्षं आधी. साठच्या दशकाच्या शेवटी तर पुण्यातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी या गवतामुळे उठणाऱ्या खाजेवर लिहिलेलंही आहे. मिलो गेली.

आणि गंमत म्हणजे गहूही डळमळला. पीएल 480 हा अमेरिकेचा कायदा 1954 चा, पण त्याखाली भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट 1956 मध्ये. गवत आधी दिसलं, करार नंतर झाला! वहीवर मी दोन तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि रात्री साडेबाराला रूममेटला उठवून दाखवल्या. ती म्हणाली, 'बरं,' आणि कूस बदलून झोपली. त्यात भर म्हणजे पुढे एक शोधनिबंध मिळाला. त्यात म्हटलंय की रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाची कलकत्त्याच्या बागेतल्या झाडांची 1814 साली छापलेली यादी आहे आणि तिच्यात या वनस्पतीचं नाव आहे. 1814! पेशवाई चालू होती तेव्हा.

आता दुसरा मसुदा. हा मी एकदम जोशात लिहिला. नवीन काही कळलं की अंगात येतं ना माणसाच्या, तसं. शीर्षकच दिलं 'गाजरगवत: एक अफवा'. परदेशी धान्याची गोष्ट म्हणजे लोकांनी रचलेली कथा वगैरे वगैरे. आणि एक वाक्य लिहिलं, ते आज वाचून दाखवते, कारण ते लपवून हा भाग केला तर काही अर्थ नाही. 'ग्रामीण भागातील अशिक्षित लोकांमध्ये आजही असा गैरसमज आढळतो.'

दिवाळीच्या सुट्टीत आजोळी गेले होते. आजी अंगणात शेंगा फोडत बसलेली. म्हणाली, 'काय लिव्हलंस दुष्काळाचं, वाच की.' मी वाचायला लागले. त्या वाक्याशी आले तेव्हा कळलं आपण काय लिहिलंय ते, पण तोवर निम्मं वाचून झालं होतं. आजी काही बोलली नाही. शेंगा फोडत राहिली. मग थोड्या वेळानं म्हणाली, 'म्या डोळ्यानं बघितलं त्ये खोटं व्हय?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे 1955 होतं, 1956 होतं, 1814 होतं. पण समोर जी बाई बसली होती ती त्या वर्षी त्या रानात होती, आणि मी नव्हते.

त्या दिवशी मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली आणि तिच्याशेजारी बसले. या वेळी प्रश्न बदलला. 'गवत कुठून आलं' हे विचारलंच नाही. विचारलं, 'आजी, तू ते पहिल्यांदा कुठं बघितलंस?'

आणि तिनं जे सांगितलं ते मी लहानपणापासून एकदाही ऐकलेलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. म्हणाली, दुष्काळाआधी बांधाला हरळी असायची, कुंदा असायचा, केना असायचा, तरवड असायचा. प्रत्येकाची नावं घेतली. ही फुलं नव्हती. मग दोन वर्षं रानं उघडी पडली, पेरणीच नाही. गावातली बायामाणसं रस्त्याच्या कामावर. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरात जवळजवळ 50 लाख माणसं अशा कामांवर होती, हे मी नंतर वाचलं. आजी त्यातली एक. लेकरं झाडाला झोळी बांधून ठेवायची आणि खडी फोडायची. (रोजगार हमीचा कायदा पुढे 1977 मध्ये आला, त्याची मुळं बरीचशी याच कामांत आहेत. पण तो वेगळा भाग होईल.) तर तो रस्ता झाला, ट्रक यायला लागले, आणि पाऊस पडल्यावर त्या नव्या रस्त्याच्या दोन्ही कडांना ही पांढरी फुलं. आधी रस्त्याला, मग बांधाला, मग रानात. या क्रमानं. खुरपताना तिच्या जावेचे हात कोपरापर्यंत उठले होते, तेही तिला आठवतं.

'आन् मिलोसंगं आलं हे कोण म्हणालं?' मी विचारलं. आजीनं विचार केला. म्हणाली, 'समदीच म्हणायची.'

बघा हं. आजीनं जे बघितलं ते वेगळं आणि जे ऐकलं ते वेगळं. ती दोन्ही एकाच दमात सांगायची, आणि मी दोन्ही एकाच दमात आधी खरं धरलं, मग एकाच दमात खोटं ठरवलं. तिच्या गावात ते गवत बाहत्तरच्या दुष्काळानंतर आलं, हे तिनं बघितलंय. तिच्यापेक्षा चांगला साक्षीदार मला कुठल्या लायब्ररीत मिळणार? भारतात ते कसं आलं, हे ती बघूच शकत नव्हती.

इकडे मॅडमकडून दुसरा मसुदाही परत आला. मला वाटलं होतं, तारखा बघून शाबासकी मिळेल. 'अफवा' या शब्दाखाली लाल रेघ. कशावरून?

(हसते) हो, पुन्हा!

पण त्यांचं बरोबर होतं. पीएल 480 चा करार 1956 चा, मान्य. पण अमेरिकेतून गहू त्याच्या आधी येतच नव्हता का? येत होता. 1951 मध्येच भारताला गव्हासाठी कर्ज देणारा कायदा तिकडे झाला होता आणि त्याखाली धान्य आलं होतं. म्हणजे गव्हातून बी आलं असेल ही शक्यता मी उडवूनच लावू शकत नाही. पीएल 480 चं लेबल तेवढं बसत नाही. आणि 1814 ची यादी? कलकत्त्याच्या बागेत एक झाड असणं आणि महाराष्ट्रभर रानं भरणं यात फार मोठं अंतर आहे. मी एक ठाम वाक्य पुसून त्याच्या जागी दुसरं तितकंच ठाम वाक्य लिहिलं होतं, एवढंच.

तिसरा मसुदा लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि त्यातला बराच वेळ खोडण्यात गेला. गाजरगवत खाणाऱ्या मेक्सिकन भुंग्यावर माझी दोन पानं होती, 1984 मध्ये बंगळुरूला ते सोडले वगैरे. मला ती पानं फार आवडायची. मॅडम म्हणाल्या, 'छान आहे, पण हा दुसरा निबंध आहे.' दोन दिवस रुसले आणि मग काढली. अजून फोनमध्ये ठेवलीत, कुणाला हवी असतील तर सांगा.

'प्रवेश केला' पण गेलं. 'अशिक्षित लोकांमध्ये' तर गेलंच. आता सुरुवात अशी आहे: 'माझ्या आजीने हे गवत पहिल्यांदा पाहिले ते तिने स्वतः खडी फोडलेल्या रस्त्याच्या कडेला.' मग पुण्याचा कचऱ्याचा ढीग येतो, 1955 येतं, आणि पुण्यापासून त्या रस्त्यापर्यंत बी कसं गेलं असेल याचा अंदाज येतो. उघडी रानं, उकरलेली माती, ट्रकची ये-जा. अंदाज आहे, आणि अंदाज आहे असं लिहिलंय. मिलोची गोष्टही ठेवली, पण तिची जागा बदलली. लोक त्या धान्यावर इतके का चिडले होते की पुढे जे जे वाईट आलं ते त्याच्या नावावर घातलं, हे बघायला ती गोष्ट उपयोगी पडली. रांगेत उभं राहून मिळालेलं, आवडत नसलेलं, तरी खावं लागलेलं धान्य. राग कुठंतरी जाणारच की.

शेवटी संदर्भयादी. राव यांचं टिपण, बाकीचे लेख, आणि मॅडम म्हणाल्या, आजीची मुलाखत पण रीतसर लिही. नाव, गाव, वय, तारीख. मी आजीला फोन लावला. म्हटलं, 'आजी, तुझं नाव यादीत घालतेय, शास्त्रज्ञांच्या खाली. वय किती लिहू?'

म्हणाली, 'मला काय म्हाईत? बाहत्तरला तुझा थोरला मामा झोळीत व्हता. तुला कागद घावत्यात न्हवं, काढ हिशेब.'