कोरीव लाकूडकाम : फावल्या वेळचा छंद
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



दादोबा वामन खोत ह्या पाठारे प्रभू गृहस्थांचे नाव धारण करणाऱ्या ह्या खोताच्या वाडीत काष्ठकलेचे धडे दारोदारी आहेत : सज्ज्यांचे कठडे, बाहेरील लाकडी जिने, छपराच्या कडेची कातीव झालर. १९९५ च्या मुंबईच्या वारसा-नियमावलीत वाडीचा समावेश झाला. परंतु झालरीची निखळलेली पाकळी नियमाने कोरली जात नाही, तीस हातच लागतो.

परदेशांत कित्येक हौशी लोक यांत्रिक करवतीने अखंड ओंडक्यातून अस्वले, गरुड घडवितात. तो छंद मोकळ्या रानातला. आपल्या अरुंद बोळात पटाशी व लाकडी हातोडाच बरा. आरंभ पांगाऱ्यावर करावा. सावंतवाडीचे चितारी ह्याच हलक्या, मऊ लाकडाची फळे व खेळणी करीत आले आहेत. हात बसल्यावर सागवान घ्यावे. पटाशीस धार असावी व ती लाकडाच्या रेषेच्या कलाने चालवावी. उलट चालविल्यास ढलपी निघून नक्षी बिघडते.

आपल्या तरुणांनी आठवड्यातील दोन तास ह्या छंदास द्यावेत. मग आजोबांच्या सज्ज्याचा मोडका कठडा भंगारात न जाता घरीच उभा राहील.