पोट चाचपून दिलेलं औषध



पाळी जायच्या वयात अंगातून एकाएकी गरम वाफा निघतात, झोप उडते, क्षुल्लक कारणाने डोळे भरून येतात. जपानमध्ये बाई या तक्रारी घेऊन दवाखान्यात गेली, तर हार्मोनच्या उपचारांबरोबर कांपोचाही पर्याय तिच्यापुढे असतो. कांपो म्हणजे चीनमधून आलेलं आणि जपानी वैद्यांनी आपल्या पद्धतीनं घडवलेलं वनौषधींचं शास्त्र. आज ही औषधं आधुनिक वैद्यक शिकलेले डॉक्टरच लिहून देतात. १९७६ पासून त्यांतली बरीचशी राष्ट्रीय आरोग्यविम्यातही आली.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती तपासणी. बाईला पाय सरळ करून उताणं निजवतात आणि डॉक्टर बोटांनी तिचं पोट चाचपतात. अठराव्या शतकात योशिमासु तोदो या वैद्यांनी या परीक्षेवर फार भर दिला. बेंबीच्या खालच्या बाजूला दाबल्यावर दुखलं, कडक लागलं, तर रक्त साकळलंय असं मानतात. बाई अंगानं भरलेली, चेहरा तापलेला पण पाय गार, अशी असेल तर केइशी-बुकुर्यो-गान हे औषध देतात. त्यात दालचिनी आणि पीचच्या बियांचा गर असतो. बाई किरकोळ, फिकट, हातपाय गार, अंगावर सूज, तर तोकी-शाकुयाकु-सान. आणि चिडचिड, निद्रानाश, भरून आलेले खांदे, आज एक तर उद्या दुसरीच तक्रार, तर कामी-शोयो-सान. वय तेच, तक्रारीही मिळत्याजुळत्या, तरी शेजारणीची पुडी आपल्याला चालेलच असं नाही. पूर्वी काढा उकळावा लागे. आता त्याच काढ्याचे सुके दाणे पुडीत मिळतात आणि जेवणाआधी कोमट पाण्याबरोबर घेतात.

गुण येतो का? केइशी-बुकुर्यो-गानची अमेरिकेत १७८ स्त्रियांवर चाचणी झाली. गरम वाफांवर ते औषध बिनऔषधी पुडीहून सरस ठरलं नाही. मात्र तिथं प्रत्येकीची प्रकृती पाहून औषध निवडलेलं नव्हतं, हेही लक्षात घ्यायला हवं.

वनस्पतीचं म्हणजे निर्धोक, असं मात्र मुळीच समजू नका. कामी-शोयो-सानमध्ये ज्येष्ठमध असतं. त्यानं काहींच्या शरीरातलं पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो. याच औषधातलं गार्डेनियाचं फळ वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर मोठ्या आतड्याच्या शिरा कडक झाल्याचंही आढळलंय. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर कुठलीच पुडी न घेता थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.