पायपेटी पुन्हा घडवावी का?
(गणेशोत्सवानिमित्त बोरगाव येथे दिलेल्या व्याख्यानावरून)



गणेशोत्सव म्हटला की आरतीनंतर भजन आले, एखाद्या रात्री नाट्यगीतेही आली. हल्ली त्यांच्या साथीला बहुधा कीबोर्ड असतो. बटण दाबले की त्यातून ‘ऑर्गन’ वाजतो. मग खरा ऑर्गन, म्हणजे जुन्या नाटक कंपन्यांची पायपेटी, पुन्हा कुणी घडवावी का? आणि ती साध्या घराला परवडेल अशी घडवता येईल का? आज आपण याचाच विचार करू.

हा विषय आपल्याला परका नाही. १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. पुढे बालगंधर्वांच्या पदांना ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा अशी साथ असे. बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे यांनी पेटी वाजवण्यात आणि शिकवण्यात हयात घालवली. पेटीचा सूर आपल्या कानांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे.

कीबोर्ड आणि पायपेटी यांत फरक काय? हातपेटीत एक हात भात्याला अडकतो. पायपेटीत भाता पायाकडे असल्याने दोन्ही हात सुरांवर मोकळे राहतात. गुडघ्याने पट्टी सरकवून आवाज फुलवता येतो, आवरता येतो. गायकाने तान संपवून श्वास घेतला की वाजवणाराही पाय हलका करतो. कीबोर्डात या सुराचा ठसा मिळतो. पण हवेवर चालणारा हा श्वासोच्छ्वास त्यात नाही.

मग ही वाद्ये बनणे का थांबले? ती बहुतेक परदेशातून येत. अमेरिकेतल्या एस्टी कंपनीने लाखो ऑर्गन बनवले, पण १९६० मध्ये तीही बंद झाली. आज जुना ऑर्गन मिळाला, तरी तो दुरुस्त करणारा हात सहज मिळत नाही.

परदेशात असाच प्रश्न एका वेगळ्या वाद्याबाबत उभा राहिला. विजेच्या मंडलांतून सूर काढणारा मिनीमूग हा सिंथेसायझर १९७० मध्ये आला आणि १९८१ मध्ये बंद झाला. पुढे जुन्या नगांना सोन्याचा भाव आला. मूळ कंपनीने २०१६ मध्ये तो पुन्हा काढला, तो सुमारे साडेतीन हजार डॉलरला. मग बेहरिंगर कंपनीने त्याचीच छोटी आवृत्ती सुमारे तीनशे डॉलरला विकायला आणली. काहींनी नक्कल म्हणून नाके मुरडली. पण शिकणाऱ्या पोरांच्या हाती ते वाद्य आले. कॉर्ग या जपानी कंपनीने आपला १९७८ चा एमएस-२० हा सिंथेसायझर २०१३ मध्ये ८६ टक्के आकारात पुन्हा काढला. मालकाने स्वतःच स्वस्त, आटोपशीर रूप दिले, म्हणून नकलेचा वादच उरला नाही. आम्हाला हा मार्ग अधिक पटतो.

आपल्याकडे हे आधीच घडून गेले आहे. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास पायभात्याच्या युरोपीय हार्मोनियमला हातभाता दिला आणि तो मांडी घालून वाजवण्याजोगा केला. म्हणूनच पेटी देवळात, भजनात आणि घरोघरी पोहोचली. बंगळुरूचे जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. त्यामुळे तंबोरा घेणे न परवडणाऱ्यांनाही रियाझाला सूर मिळाला. तरी मिरजेचे कारागीर भोपळ्याचे तंबोरे घडवतच आहेत आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे स्वस्त वाद्य आले की अस्सल वाद्य मरतेच, असे नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की पायपेटी पुन्हा घडवावी, पण दिवाणखान्यात मिरवण्यासाठी नव्हे. नक्षीदार लाकूड नको, खटक्यांची रांग नको. सुरांचे दोन संच, मजबूत भाता, घडी होणारे पाय आणि टेम्पोत बसेल एवढे वजन पुरे. सुटे भाग इथल्या पेटी दुरुस्त करणाऱ्याला बदलता यावेत, कारण दुरुस्ती होत नसेल तर स्वस्त वाद्यही महागच पडते.

“घेणार कोण?” असे कारागीर विचारील, आणि त्याचे बरोबर आहे. एकेका नगासाठी साचे करणे त्याला परवडत नाही. तेव्हा पहिले पाऊल आपले. निपाणी, बेळगाव, इचलकरंजी, कोल्हापूर इथल्या दहा मंडळांनी मिळून एकदम मागणी नोंदवली आणि निम्मी रक्कम आधी दिली, तर किंमतही खाली येईल. कुणाच्या माळ्यावर जुना ऑर्गन असेल, तर तो भंगारात देऊ नका, शोभेलाही ठेवू नका. कारागिराला तो उघडून मापे घेऊ द्या.

दरवर्षी आपण बाप्पाची मूर्ती विसर्जित करतो, कारण पुढच्या वर्षी ती घडवणारे हात आहेत, ही आपली खात्री असते. वाद्याबाबतही तशी खात्री देता यावी, एवढीच गणरायाचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!