कातरीची सवय आणि यंत्राचे पाते

म्हैसूरजवळ कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याशी वसलेले वृंदावन उद्यान आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या कारकीर्दीत ते आकारास आले. तेथील नेटक्या, कातरलेल्या हिरवाईची हौस पुढे सामान्य गृहस्थाच्या अंगणातही उतरली. मेंदीचे कुंपण आले, त्यामागून कातर आली, आणि अलीकडे कातरीची जागा विजेवर अथवा पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राने घेतली आहे.

या यंत्रात दातेरी पाती एकमेकांवरून अतिशय वेगाने पुढे-मागे सरकतात. दात्यांच्या फटीत जशी डहाळी जाते, तसेच बोटही जाते. तथापि अपघात केवळ कापण्याच्या ओघातच होतो असे नाही; डहाळी अडकून पाते थांबते तेव्हाही तो होतो. कातरीत अडकलेला काटका हाताने काढावयाचा, ही माळ्याची जुनी सवय. कातर हाताच्या आज्ञेत असते. यंत्र मात्र केवळ अडलेले असते. काटका निघताच ते पुन्हा चालू लागते. म्हणून पात्याला हात लावण्यापूर्वी वायर खटक्यातून उपसावी, बॅटरी असल्यास ती काढावी, पेट्रोलचे इंजिन असल्यास ते बंद करून प्लगची तार सोडवावी. नुसते बटण सोडणे पुरेसे नव्हे.

अनेक नव्या यंत्रांना दोन्ही हातांनी दाबावयाच्या दोन कळा असतात. दोन्ही हात गुंतलेले असले म्हणजे एकही हात पात्याकडे जात नाही, इतका साधा तो विचार. आणि आपले लोक त्यांतील एक कळ सुतळीने बांधून टाकतात! विजेची वायर खांद्यावरून मागे सोडावी, ओल्या कुंपणाला हात घालू नये, शिडीवर चढून यंत्र चालवू नये.

यंत्र विकत घेणारा एक आणि चालविणारा रोजंदारीचा माळी, असे आपल्याकडे सर्रास घडते. माझ्या मते हातमोजे, चष्मा आणि यंत्राची माहिती देणे हे मालकाचेच कर्तव्य आहे. माळ्याच्या हुशारीवर ते सोपविता येणार नाही.

इतके करूनही बोट तुटलेच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी; बर्फाचा स्पर्श त्या भागाला थेट होऊ देऊ नये. जखमी माणूस आणि ती पिशवी एकाच वाहनातून इस्पितळात न्यावी.