मातीतील अदृश्य राखणदार
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आम्ही किडी-कृमींचा विषय घेऊन उभे राहिलो, याचे आपणांपैकी कित्येकांना नवल वाटेल. परंतु आपल्या समाजातील पुष्कळ घरांचे एक पाऊल उज्जैन शहरात असले, तरी दुसरे अजून माळव्याच्या काळ्या मातीत आहे. शिंदेशाहीत आपले पूर्वज क्षिप्रेकाठी आले, रामचंद्रबाबा शेणवींनी महाकालाचे देऊळ पुन्हा उभारले, हा इतिहास आपण उत्सवात ऐकतो. ज्या जमिनीने आपल्याला येथे धरून ठेवले, तिची विचारपूस मात्र क्वचितच होते. ती आज करू.

भर पावसाळ्यात सोयाबीनचे हिरवेगार रोप एकाएकी पिवळे पडते. ओढले तर मुळाविना अलगद हातात येते. खाली उकरावे, तो चंद्रकोरीसारखी वाकलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी दिसते. महाराष्ट्रात हिला हुमणी म्हणतात, आपल्याकडचे शेतकरी सफेद लट म्हणतात. पहिल्या पावसानंतर हिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात, कडुनिंब व बाभळीचा पाला खातात आणि पहाटे पुन्हा मातीत शिरून अंडी घालतात. अळी पुढे कित्येक आठवडे मुळे कुरतडत राहते. ती मातीआड असल्यामुळे वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून पूर्वी जमिनीतच विष मिसळले जाई. बी.एच.सी.ची पूड कित्येक वर्षे चालली. १९९७ साली ती बंद झाली. मग फोरेटचे दाणे आले. तेही ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. ही विषे किडीपाशी थांबत नाहीत. ती पेरणाऱ्या मजुराच्या हातांना लागतात, पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरतात, आणि गांडुळांचाही जीव घेतात. एक विष गेले म्हणून दुसरे शोधावे, की मातीतच कोणी मित्र आहे का ते पाहावे, हा खरा प्रश्न आहे.

असा मित्र आहे. त्याचे नाव सूत्रकृमी. हे नाव ऐकताच वडीलधाऱ्यांना नारू आठवेल. पायविहिरीच्या पाण्यातून होणारा तो रोग याच कुळातल्या कृमीचा. २००० साली भारत त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. वांगी-टोमॅटोच्या मुळांना गाठी आणणाराही याच कुळातला. परंतु एका कुळात साधू आणि चोर दोन्ही जन्मतात. आम्ही सांगतो आहोत ते सूत्रकृमी केवळ कीटकांवर जगतात. माणसाच्या वा गाईगुरांच्या उष्ण शरीरात ते तग धरत नाहीत आणि पिकाच्या मुळांना दात लावत नाहीत.

यांची लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर. अळीच्या तोंडावाटे, गुदद्वारावाटे किंवा श्वासरंध्रांवाटे ते आत शिरतात. त्यांच्या आतड्यात विशिष्ट जीवाणू असतात. आत गेल्यावर कृमी ते जीवाणू अळीच्या रक्तात सोडतो आणि नाजूक अळी एक-दोन दिवसांत मरते. मग वाढलेल्या जीवाणूंवर कृमी पोसतात, तेथेच त्यांच्या दोन-तीन पिढ्या होतात, आणि साधारण दहा-बारा दिवसांनी हजारो पिल्ले नव्या भक्ष्याच्या शोधात बाहेर पडतात. एका जातीने मारलेली अळी विटकरी लाल होते आणि काळोखात अगदी मंद प्रकाशते!

हे ज्ञान नवे नाही. १९२३ साली स्टाईनर यांनी अशा कृमीचे वर्णन केले. १९२९ साली अमेरिकेत न्यू जर्सी येथे ग्लेझर यांना जपानी भुंगेऱ्याच्या अळ्यांत असाच कृमी सापडला, आणि पुढे तो वाढवून शेतांत सोडण्यात आला. आपल्या देशातील हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही जात कोइमतूरकडे उसाच्या शेंडा पोखरणाऱ्या अळीत सापडली. १९९२ साली पॉइनार, करुणाकर व डेव्हिड यांनी तिचे वर्णन केले. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन केंद्राने याच जातीची पाण्यात कालवण्याजोगी पूड तयार केली असून ती हुमणीसाठी वापरली जाते.

आता आमची चूक सांगतो, कारण स्तुतीपेक्षा चूक अधिक शिकवते. प्रथम आम्ही ही पूड आणली, तेव्हा पुडके दुपारभर गाडीत उन्हात राहिले. मग कोरड्या जमिनीवर भर दुपारी ती शिंपडली आणि आठ दिवसांनी ‘काहीच उपयोग नाही’ म्हणून मोकळे झालो. वास्तविक आम्ही जिवंत प्राण्यांना खताच्या गोणीसारखे वागवले होते. ऊन आणि कोरडेपणा हे त्यांचे काळ. पुढच्या वर्षी पुडके सावलीत थंड ठेवले, चिमूटभर पूड पाण्यात घालून भिंगाखाली कृमी वळवळताना पाहिले, पंपाची बारीक जाळी काढली, आणि पाऊस पडून गेल्यावर ओल्या जमिनीत सूर्यास्ताच्या सुमारास मुळांशी पाणी सोडले. तेव्हा उकरल्यावर लाल पडलेल्या अळ्या हाती लागल्या. सगळ्या मेल्या नव्हत्या, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

कारण हुमणी ही चिवट जात आहे. तिच्या श्वासरंध्रांवर चाळणीसारखी जाळी असते, आणि मोठी अळी लहान अळीपेक्षा दाद कमी देते. शिवाय आपल्या चिकट काळ्या मातीत हे कृमी रेताड मातीइतके सहज सरकत नाहीत. एकरी शंभर कोटी कृमी हे सर्वसाधारण प्रमाण असल्याने खर्चही होतो. म्हणून यांच्यावर सारा भार टाकू नये. पहिल्या पावसानंतर गावाने मिळून संध्याकाळी झाडे हलवून भुंगेरे गोळा करावे, रॉकेलमिश्रित पाण्यात बुडवावे, पुरते कुजलेले शेणखतच शेतात घालावे. आणि अळी लहान असतानाच कृमी सोडावे. एकट्याने केले तर शेजारचे भुंगेरे आपल्या शेतात येतातच. हे काम समाजाचे आहे, म्हणूनच ते या व्यासपीठावरून बोलत आहोत.

आमची नम्र सूचना अशी. न्यासाच्या कुटुंबांपैकी ज्यांची शेती आहे, त्यांपैकी चौघांनी येत्या पावसाळ्यात एकेक बिघा द्यावा. अर्ध्यात कृमी सोडावे, अर्धा तसाच ठेवावा. दोन्हीकडे हातभर खड्डे घेऊन अळ्या मोजाव्या आणि आकडे वहीत लिहावे. आपल्या मुलामुलींनी डब्यात ओली माती घेऊन तीत मेणपतंगाच्या अळ्या ठेवून पाहाव्या. त्या मरून लाल वा तपकिरी झाल्या, तर आपल्याच मातीत हे राखणदार आहेत की काय, हे तज्ज्ञांकडून तपासून घेता येईल. यश येवो वा न येवो, पुढल्या वार्षिक सभेत ती वही सर्वांसमोर वाचावी.

पन्नास वर्षांत या न्यासाने मुलांच्या शिक्षणाला आणि अडल्यानडल्यांना हात दिला. त्या पुण्याईत मातीचीही सेवा मिळावी, अशी महाकालचरणी आमची प्रार्थना आहे.